शंभरपैकी शंभर

मंडळी, आपल्या आयटीवाल्यांना आकड्यांचं भारी वेड. बग किती, अपटाइम किती, अप्रेझलला रेटिंग किती... ज्याचा आकडा नाही ते जणू अस्तित्वातच नाही! पण लकवा मारलेला माणूस हळूहळू उभा राहत असतो, तेव्हा "आता किती बरा आहे" हे आकड्यात कसं सांगायचं? आजचा वीकएंड लेख या प्रश्नाच्या इतिहासावर. इतिहास तसा ताजाच आहे, जेमतेम सत्तर वर्षांचा.

१९५५ साल. मुंबईत हाजीअलीला अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था सुरू झाली, त्याच वर्षी तिकडे अमेरिकेत मेरिलँड राज्यातल्या दीर्घ आजारांच्या तीन रुग्णालयांत एक साधा तक्ता वापरात आला. डॉ. फ्लॉरेन्स महोनी आणि फिजिओथेरपिस्ट डोरोथिया बार्थेल यांचा. १९६५ मध्ये त्यांनी तो छापला आणि 'बार्थेल इंडेक्स' म्हणून तो जगभर गेला. दहा कामं : जेवण, आंघोळ, कपडे, शौच, चालणे, जिना वगैरे. एकूण गुण १००. चालायला १५, आंघोळीला फक्त ५. तपासणारा बघणार, टिक करणार, बेरीज करणार. झालं!

त्याच सुमारास, १९५७ मध्ये, ग्लासगोच्या डॉ. जॉन रँकिन यांनी तर अख्खा माणूस पाच पायऱ्यांत बसवला. पुढे सुधारणा झाल्या, आणि स्ट्रोकवरच्या औषधांच्या चाचण्यांत आजही 'मॉडिफाइड रँकिन स्केल'च चालतो. १९९५ च्या ज्या प्रसिद्ध चाचणीने रक्ताची गुठळी विरघळवणारं औषध स्ट्रोकसाठी रूढ केलं, तिच्यात रँकिन आणि बार्थेल दोघंही होते. म्हणजे ही मोजपट्टी नुसती कागदावरची नाही. कोणतं औषध चाललं आणि कोणतं नाही, हे तिच्यावर ठरतं.

आता गंमत बघा. मूळ बार्थेलमध्ये जेवणाचे पूर्ण १० गुण कधी? तर रुग्णाने अन्न स्वतः कापलं, मीठ-मिरपूड घातली, पावाला लोणी लावलं तर! मेरिलँडच्या टेबलाला हे ठीक. पण आमच्या घोलवडला?

घोलवड म्हणजे डहाणू तालुक्यातलं चिकूचं गाव. माझ्या मामाची तिथे वाडी आहे. काही वर्षांपूर्वी त्याची उजवी बाजू गेली. व्यायाम करून करून आज तो चालतो, स्वतः आंघोळ करतो, डाव्या हाताने चमच्याने जेवतो. सहज म्हणून मी बार्थेलचा हिशोब मांडला, तर गुण नव्वदच्या पुढे. अप्रेझलच्या भाषेत 'एक्सीड्स एक्स्पेक्टेशन्स'!

पण मामा लग्नाच्या पंगतीला बसत नाही. चार लोकांत डाव्या हाताने जेवायची लाज वाटते. मांडी घालून बसलं तर उठता येत नाही. वाडीत चिकू उतरवायला माणसं येतात, तेव्हा तो ओट्यावरूनच बघतो. मामी म्हणते, "अरे, सगळं करतो तो स्वतःचं. फक्त कुठे जात नाही." या 'फक्त'ला बार्थेलमध्ये रकानाच नाही.

यात बार्थेलबाईंना दोष देण्यात अर्थ नाही हं! शंभर गुण म्हणजे माणूस एकटा राहू शकेल असं नव्हे, त्याला स्वयंपाक, घर, लोकांतला वावर कदाचित जमणार नाही, हे त्या दोघींनी १९६५ च्या लेखातच लिहून ठेवलं होतं. त्यांना एवढंच मोजायचं होतं, की मदतनिसाशिवाय भागेल का. पुढे वापरणारे ती टीप विसरले आणि आकडा लक्षात ठेवला. (डॉक्युमेंटेशन कोण वाचतं म्हणा!)

पुढचं वळण आलं ते 'बघून टिक करण्या'कडून 'विचारण्या'कडे. जागतिक आरोग्य संघटनेने १९९१ पासून जीवनमानाची प्रश्नावली बनवायला घेतली. एका देशात बनवून बाकीच्यांनी भाषांतर करायचं, असं नाही. जगभरातल्या पंधरा केंद्रांत स्थानिक लोकांना बसवून विचारलं, की तुमच्या मते चांगलं जगणं म्हणजे काय? त्यांत आपली दिल्ली आणि मद्रास होती. आधी शंभर प्रश्न झाले, मग १९९८ मध्ये २६ प्रश्नांची छोटी आवृत्ती. तिच्यात शरीर आणि मन आहेच, शिवाय नातीगोती, पैसा, ये-जा करायची सोयसुद्धा आहे. विरारहून येणारी लोकल डहाणू रोडला संपते आणि घोलवड त्याच्या पुढचं स्टेशन. व्यायामासाठी आठवड्यातून दोनदा बाहेर पडणाऱ्या माणसाला या प्रश्नाचं मोल बरोब्बर कळेल.

१९९९ मध्ये खास स्ट्रोकसाठीच्या दोन प्रश्नावल्या आल्या. लिंडा विल्यम्स आणि सहकाऱ्यांनी रुग्णांच्याच मुलाखती घेऊन ४९ प्रश्न काढले. मूड, स्वभावातला बदल, कुटुंबातलं स्थान, काम, सगळं त्यात आलं. पामेला डंकन यांच्या गटाने केलेली दुसरी, तिच्या शेवटी रुग्णालाच विचारतात : ० ते १०० मध्ये तू किती बरा झालास असं तुला वाटतं? पुन्हा शंभरच, पण आता गुण देणारा बदलला!

मला या इतिहासात हेच महत्त्वाचं वाटतं. उत्तर आधी तपासणारा द्यायचा, मग रुग्ण देऊ लागला, आणि नंतर प्रश्नही रुग्णांच्या बोलण्यातून निघाले. काम संपलंय असं नाही. झटक्यात ज्यांची वाचाच गेली, त्यांच्या वतीने बहुतेकदा घरचे उत्तर देतात; आणि घरचे लोक रुग्णापेक्षा कमीच गुण देतात, असं अभ्यासांत वारंवार दिसलंय. काळजीपोटी असेल, पण उत्तर बदलतंच.

आणि हे बारीकसारीक नाही. जे मोजलं जातं, त्यासाठीच व्यायाम दिले जातात. जिना मोजला तर जिन्याची प्रॅक्टिस. पंगत कुणी मोजलीच नाही, तर जमिनीवर बसून उठायची प्रॅक्टिस कोण देणार? म्हणून तुमच्या घरी कुणी या वाटेवर असेल, तर फिजिओथेरपिस्टला 'किती टक्के सुधारणा' विचाराच, पण त्याआधी आजारी माणसाला विचारा, की तुला नक्की काय परत करता यायला हवंय? ते उत्तर लिहून फिजिओथेरपिस्टच्या हातात द्या.

मामाला मी विचारलं. जिना त्याच्या यादीत नव्हताच. "मांडी घालून बसता आलं पाहिजे, आणि उठताना कुणी हात धरायला नको," तो म्हणाला. सध्या तेवढ्याचाच व्यायाम चालू आहे.