छाती दाबायला कुणाची परवानगी लागते?

पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा, पण शेवटपर्यंत वाचा.

चालता चालता, गरबा खेळताना, क्रिकेटच्या मॅचमध्ये माणूस कोसळल्याचे व्हिडिओ आपल्या सगळ्यांच्या ग्रुपवर येतात. मी ते बघतो तेव्हा पडलेल्या माणसापेक्षा भोवतीच्या लोकांकडे बघतो. कुणी पाणी शिंपडतं, कुणी तळपाय चोळतं, कुणी कांदा शोधतं, कुणी उठवून बसवायला बघतं. दोघं-तिघं मोबाइल धरून उभे असतात. छातीवर हात ठेवून दाबणारा क्वचितच दिसतो.

‘आपले लोक अडाणी’ असं म्हणून हा विषय संपवता येतो. पण मला इतिहासाची आवड आहे, म्हणून मागे जाऊन बघितलं. तेव्हा कळलं की जगभर लोक हेच करत होते. बरोबर काय ते सापडायला दोनशे वर्षं गेली. आणि सापडल्यावर ते सामान्य माणसाच्या हातात द्यावं की नाही, यावर आणखी चौदा वर्षं गेली. आपण अजून त्या चौदा वर्षांतच अडकलोय असं मला वाटतं. म्हणून हा सगळा प्रपंच.

सुरुवात ॲमस्टरडॅमपासून. कालव्यांचं शहर, रोज कुणी ना कुणी पाण्यात पडायचं. १७६७ मध्ये तिथल्या काही नागरिकांनी बुडालेल्यांना वाचवण्यासाठी एक संस्था काढली. अंग गरम करा, तोंडाने हवा फुंका, अंग चोळा असे उपाय त्यांनी छापून वाटले. आणि त्यात आणखी एक उपाय होता, हसू नका, तंबाखूचा धूर नळीने गुदद्वारातून आत सोडायचा. धुराने शरीराला चेतना मिळते अशी समजूत होती. लंडनमध्ये १७७४ साली विल्यम हॉज आणि थॉमस कोगन या दोन डॉक्टरांनी तशीच संस्था काढली, आजची रॉयल ह्यूमेन सोसायटी. थेम्सच्या काठी धुराची ती सामग्रीसुद्धा ठेवलेली असायची. १८११ मध्ये बेंजामिन ब्रोडी यांनी तंबाखूतलं विष हृदयालाच मारक असल्याचं दाखवलं, तेव्हा तो प्रकार हळूहळू बंद झाला. आपल्याकडे बुडालेल्याला पालथं घालून पोट दाबतात, पाय धरून उलटं धरतात. तिकडे पिंपावर घालून गडगडत न्यायचे. डोकं सगळीकडे सारखंच चाललं होतं.

लंडनच्या संस्थेची एक गोष्ट मात्र आजही शिकण्यासारखी आहे. नुसता उपाय सांगून लोक पुढे येत नाहीत हे त्यांना माहीत होतं. वाचवायचा प्रयत्न करणाऱ्याला त्यांनी बक्षीस ठेवलं, माणूस जगला तर बक्षीस दुप्पट. आणि बुडालेल्याला आपल्या घरात किंवा दारूच्या गुत्त्यात आणू देणाऱ्या मालकालाही एक गिनी. का? कारण मेलेलं माणूस घरात घेतलं आणि उद्या नसती भानगड झाली तर, ही भीती. अडीचशे वर्षांपूर्वीच्या लंडनमधली ही भीती आपल्या चौकात उभी असते की नाही सांगा. ‘हात लावू नको, पोलीस केस होईल.’

आता गंमत बघा. तोंडाने हवा फुंकण्याचा उपाय मुळात बरोबर होता. स्कॉटलंडमध्ये १७३२ साली विल्यम टॉसॅक या सर्जनने खाणीतून बाहेर काढलेल्या निपचित मजुराला असंच जगवलं होतं. पॅरिसच्या विज्ञान अकादमीने १७४० मध्ये बुडालेल्यांसाठी त्याची शिफारस केली होती. पण पुढे ऑक्सिजनचा शोध लागला आणि विद्वानांनी म्हटलं, आपण बाहेर टाकलेली हवा तर ‘वापरलेली’, ती दुसऱ्याच्या काय कामाची? उपाय बाद झाला. वास्तविक बाहेरच्या हवेत ऑक्सिजन २१ टक्के असतो आणि आपल्या उच्छ्वासात सुमारे १६ टक्के. तेवढा जगवायला पुरतो. अर्धवट ज्ञानाने पूर्ण बरोबर गोष्ट मारली, असं इतिहासात बऱ्याचदा होतं.

मग पुढची शंभर वर्षं कवायत चालली. सिल्वेस्टर यांची पद्धत १८५८ ची, शेफर यांची १९०३ ची, होल्गर निल्सन यांची १९३२ ची. कुठे पाठ दाबायची, कुठे हात वर-खाली करायचे. तुमच्या घरातल्या ज्येष्ठांना विचारा, शाळेत किंवा स्काउटमध्ये कुणी तरी ती चित्रं पाहिलेली असतील.

ही कवायत मोडली ती अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात. पीटर साफार नावाचा भूलतज्ज्ञ, मूळचा व्हिएन्नाचा. जेम्स एलम या दुसऱ्या भूलतज्ज्ञाने उच्छ्वासाची हवा पुरते हे आधीच सिद्ध केलं होतं. १९५६ मध्ये एका परिषदेहून दोघं एकाच गाडीतून परतले आणि त्या प्रवासात साफार यांच्या डोक्यात हा विषय पक्का बसला. त्यांनी काय केलं, तर स्वेच्छेने पुढे आलेल्या माणसांना औषध देऊन त्यांचा श्वास काही काळ थांबवला आणि सामान्य लोकांना त्यांच्या तोंडात हवा फुंकायला लावली. बेशुद्ध माणसाची जीभ मागे पडून घसा बंद होतो. डोकं मागे कलवलं, हनुवटी वर उचलली की वाट मोकळी होते. पाठ दाबण्याच्या जुन्या पद्धतीत ही वाट बंदच राहायची, मग हवा जाणार कुठून?

श्वासाचं कोडं सुटलं, हृदयाचं राहिलं. तेही त्याच शहरात सुटलं, आणि सोडवणारा डॉक्टर नव्हता. विल्यम कौवेनहोवेन हे जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातले इलेक्ट्रिकल इंजिनिअर. विजेच्या तारांवर काम करणारे वायरमन शॉक लागून मरायचे, त्यांचं हृदय पुन्हा चालू कसं करायचं यावर त्यांचं संशोधन. १९५८ मध्ये त्यांचा विद्यार्थी गाय निकरबॉकर कुत्र्यावर प्रयोग करत होता. शॉक देण्याचे जड इलेक्ट्रोड छातीवर नुसते दाबून धरले तरी पायाच्या धमनीतला रक्तदाब किंचित वर जातो, हे त्याच्या लक्षात आलं. शॉक अजून दिलेलाच नव्हता! म्हणजे छाती बाहेरून दाबली तरी रक्त ढकललं जातं. सर्जन जेम्स ज्यूड सोबत आले. जुलै १९६० मध्ये तिघांचा लेख छापून आला. त्यात २० रुग्ण होते, त्यातले १४ वाचले. यासाठी दोन हात सोडून काहीही लागत नाही, आणि हे कुणीही, कुठेही सुरू करू शकतं, हे त्यांनी तेव्हाच स्पष्ट मांडलं होतं.

(खरं तर जर्मनीत फ्रीडरिश मास या डॉक्टरने १८९१ मध्येच छाती भराभर दाबून हे करून दाखवलं होतं. कुणी मनावर घेतलं नाही, विसरलं गेलं.)

पण ‘कुणीही’ हा शब्द वैद्यकीय जगाला पचला नाही. १९६६ मध्ये अमेरिकेत राष्ट्रीय पातळीवर परिषद झाली. शिकवा, पण डॉक्टर, नर्स आणि तत्सम प्रशिक्षित लोकांनाच, असं ठरलं. सामान्य माणूस बरगड्या मोडेल, चुकीच्या जागी दाबेल, ही भीती. सामान्य जनतेला शिकवण्याची अधिकृत शिफारस यायला १९७४ उजाडलं.

ते घडलं कारण काही लोक परवानगीची वाट बघत बसले नाहीत. नॉर्वेत आस्मुंड लेर्दाल हे खेळणी बनवणारे कारखानदार. त्यांचा स्वतःचा लहान मुलगा बुडता बुडता वाचला होता. त्यांनी १९६० मध्ये सरावासाठी माणसाच्या आकाराची बाहुली बनवली, तिलाच आज ‘ॲन’ म्हणतात. सिएटलमध्ये डॉ. लेनर्ड कॉब यांनी अग्निशमन दलाला हाताशी धरून १९७२ पासून नागरिकांनाच शिकवायला घेतलं. पहिल्या दोन वर्षांत एक लाखाहून जास्त लोक शिकले.

आणि साफार? १९६६ मध्ये त्यांची स्वतःची लहान मुलगी दम्याच्या झटक्याने गेली. त्यानंतर पिट्सबर्गमध्ये १९६७ साली ‘फ्रीडम हाउस’ नावाची रुग्णवाहिका सेवा उभी राहिली. तिथले कर्मचारी होते गरीब कृष्णवर्णीय वस्तीतले, ज्यांना कुणी नोकरी देत नव्हतं असे तरुण. प्रशिक्षण साफार यांचं. ही पोरं तेव्हाच्या बहुतेक शहरांपेक्षा सरस सेवा देत होती. तरी १९७५ मध्ये महापालिकेने ती सेवा बंद केली. हुशारीचा मक्ता कुणा एकाकडे नसतो, पण मक्तेदारी लवकर सुटतही नाही.

आता कामाचं. ‘बरोबर’ सीपीआर म्हणजे काय, हे सुद्धा काळानुसार बदललं, आणि बदल एकाच दिशेने झाला: सोपं करण्याच्या. आधी मानेची नाडी शोधा म्हणायचे, सामान्य माणसासाठी ते काढून टाकलं. २००५ मध्ये ३० वेळा दाबणं आणि २ श्वास हे प्रमाण आलं. २००८ मध्ये, तुमच्यासमोर कोसळलेल्या मोठ्या माणसाला नुसतं दाबलं तरी चालेल, असं अमेरिकन हार्ट असोसिएशनने सांगितलं. २०१० मध्ये क्रम उलटला, आधी दाबा, मग श्वास. आणि २०१७ मध्ये आपल्या भारतीय भूलतज्ज्ञांनी सामान्य माणसासाठी देशी पद्धत आणली, ‘कोल्स’. ओळखा आणि मदत बोलवा, छाती दाबा, दवाखान्यात पोहोचवा. बस.

हाक मारून, खांदे हलवून माणूस उठत नाही आणि श्वास नीट नाही, तर १०८ किंवा ११२ ला फोन लावा, स्पीकरवर ठेवा. अधूनमधून आचके देत असेल तर तो श्वास नव्हे, लोक इथेच फसतात. कडक जमिनीवर उताणं झोपवा, छातीच्या मधोमध तळहाताची टाच ठेवा, त्यावर दुसरा हात, कोपरं ताठ. पाच ते सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा, म्हणजे सेकंदाला जवळपास दोन. प्रत्येक वेळी छाती पूर्ण वर येऊ द्या, नाहीतर हृदयात रक्त भरणारच नाही. आणि थांबू नका. दाब दहा-बारा धक्क्यांनी चढतो आणि थांबलात की लगेच उतरतो. दोन मिनिटांत माणूस दमतो, म्हणून आलटून पालटून करा. बरगडी मोडू शकते. बरगडी जुळते, मेंदू जुळत नाही. बुडालेला माणूस किंवा लहान मूल असेल तर मात्र श्वासही द्यावे लागतात, ते शिकूनच घ्या.

बाईमाणूस कोसळली तर हात लावायला लोक कचरतात. हे फक्त आपल्याकडे नाही, अमेरिकेतल्या अभ्यासातही सार्वजनिक ठिकाणी बायकांना सीपीआर कमी मिळतो असं दिसलंय. ही लाज तिच्या जिवावर बेतते. घरातल्या प्रत्येक पोरीला आणि पोराला हे बोलून दाखवा.

पोलिसांच्या भीतीचं म्हणाल तर २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलम आलंय. रस्ते अपघातातल्या जखमीला चांगल्या हेतूने मदत करणाऱ्याला ते संरक्षण देतं, नाव सांगायची सक्ती करता येत नाही.

लोकांना शिकवून फरक पडतो का? डेन्मार्कने २००५ मध्ये शाळांत सीपीआर सक्तीचं केलं, पाठोपाठ ड्रायव्हिंग लायसन्सला जोडलं. २००१ मध्ये दवाखान्याबाहेर हृदय थांबलेल्यांपैकी साधारण २१ टक्के लोकांना आजूबाजूच्यांनी सीपीआर दिला होता, २०१० मध्ये ४५ टक्के लोकांना. महिनाभर जगलेल्यांचं प्रमाण ३.५ टक्क्यांवरून १०.८ टक्क्यांवर गेलं. इतर सुधारणाही होत्या, मान्य. पण पहिली मिनिटं ही शेजाऱ्याचीच असतात. मदतीशिवाय गेलेल्या प्रत्येक मिनिटाला वाचण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी घटते. आपल्या गल्लीत ॲम्ब्युलन्स किती मिनिटांत येते, ते तुम्ही मला सांगा.

मी येत्या ग्रामसभेत एकच विषय मांडणार आहे: शाळेतल्या आठवी-नववीच्या मुलांना आणि गावातल्या रिक्षावाल्यांना वर्षातून एकदा बाहुलीवर प्रत्यक्ष सराव. गणेश मंडळांनी डीजेच्या खर्चातून एक बाहुली घेतली तरी पुष्कळ वर्षं पुरेल. ज्यांची साथ आहे त्यांनी कमेंटमध्ये आपल्या वाडीचं किंवा सोसायटीचं नाव टाका, यादी करून प्राथमिक आरोग्य केंद्रात घेऊन जाऊ.