लहरींचा परवाना

जमिनीला बांध घालता येतो. आकाशातून जाणाऱ्या लहरीला कुंपण घालता येत नाही. असे असूनही कारखानदाराला अथवा टॅक्सीच्या धंदेवाल्याला आपल्याच नोकरांशी बिनतारी यंत्राने बोलावयाचे झाल्यास आपल्या देशात दीर्घकाळ सरकारी परवाना घ्यावा लागत आला आहे. हा अधिकार सरकारकडे कोणत्या वाटेने आला, हे पाहिल्यावाचून परवान्याचे खरे स्वरूप ध्यानात येत नाही.

या अधिकाराचे मूळ १८८५ च्या भारतीय तार कायद्यात आहे. तारायंत्र उभारण्याचा व चालविण्याचा अनन्य हक्क त्याच्या चौथ्या कलमाने सरकारने स्वतःकडे ठेवला. इतरांना तो मिळावयाचा तो सरकारच्या अटींवर आणि शुल्क भरून. विद्युल्लहरींचे अस्तित्व हर्ट्झने प्रयोगाने सिद्ध केले ते त्यानंतर, १८८७-८८ च्या सुमारास. अर्थात तारेसाठी बेतलेला अंगरखा पुढे तारेवाचून जाणाऱ्या संदेशाच्या अंगावर चढविण्यात आला. तार ही राज्यरक्षणाची वस्तू आहे, हा धडा इंग्रजांना १८५७ नेच शिकविला होता. तेव्हा हा वारसा केवळ सोयीचा नव्हता, संशयाचाही होता.

खासगी भांडवलाला सरकारने दार अजिबात बंद ठेवले असे मात्र नाही. १९२७ साली पुण्याजवळील खडकी व दौंड येथील केंद्रांतून इंग्लंडशी बिनतारी तारव्यवहार सुरू झाला, तो एका खासगी कंपनीमार्फत. त्याच वर्षी २३ जुलैला मुंबईचे नभोवाणी केंद्र उघडले, तेही खासगी कंपनीचेच. परंतु पहिला व्यवहार १९४७ मध्ये सरकारने ताब्यात घेतला. दुसरी कंपनी १९३० मध्येच बुडाली व तिचे काम सरकारकडे गेले.

१९३३ चा बिनतारी कायदा याही पुढे गेला. परवान्यावाचून यंत्र चालविणेच नव्हे, तर ते नुसते जवळ बाळगणेही त्याने गुन्हा ठरविले. १९४२ मध्ये मुंबईत उषा मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांनी चालविलेली गुप्त काँग्रेस नभोवाणी पोलिसांनी नोव्हेंबरात पकडली, तेव्हा या बंधनामागील भीती कोणाविषयी होती हे उघड झाले.

तथापि, परवान्याची सारी कथा भीतीचीच आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. एकाच कंप्रतेवर दोन कारखाने बोलू लागले, तर दोघांचेही बोलणे बुडते. आणि तो गोंधळ विमानाच्या वा जहाजाच्या संदेशात शिरला, तर माणसांचे प्राण जातात. म्हणून कोणी कोणत्या कंप्रतेवर, किती शक्तीने व कोठून बोलावे, हे कोणी तरी ठरविणे अवश्य असते. स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये याच कामासाठी दिल्लीस स्वतंत्र शाखा स्थापन झाली. दुःख एवढेच की, वाहतुकीची ही शिस्त आणि परकी सत्तेचा जुना संशय दोन्ही एकाच अर्जाच्या कागदावर नांदत राहिले.

ही गाठ सोडविण्यास आरंभ झाला तो न्यायालयात. क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणावरून उद्‌भवलेल्या खटल्यात न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांच्या खंडपीठाने १९९५ मध्ये सांगितले की, लहरी ही सार्वजनिक मालमत्ता असून तिचे नियमन लोकहितार्थ झाले पाहिजे. पुढे २०१८ च्या नियमांनी ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या पट्ट्यातील अल्पशक्तीच्या यंत्रांना परवान्यातून सूट मिळाली. दुकानदाराला वा बांधकामावरील मुकादमाला तेवढ्यापुरते सरकारचे दार ठोठावणे उरले नाही. आणि २०२३ च्या दूरसंचार कायद्याने सरकार लहरींचे स्वामी आहे ते ‘लोकांच्या वतीने’, असे शब्द लिहिले.

स्वामी आणि विश्वस्त यांतील हे अंतर शब्दांचे नव्हे. स्वामी परवाना देतो तेव्हा मेहेरबानी करतो, आणि नाकारतो तेव्हा कारण सांगत नाही. विश्वस्ताला मात्र दोन्ही वेळी हिशेब द्यावा लागतो. तो हिशेब अर्जदाराने मागितला आणि कचेरीने दिला, तरच १८८५ चा अंगरखा खऱ्या अर्थाने उतरला असे म्हणता येईल.