खेकडा, काच आणि माती

खेकडा म्हटलं की मराठी माणसाला दोनच गोष्टी आठवतात. एक म्हणजे रस्सा. दुसरी म्हणजे ती झाकण नसलेल्या टोपलीची गोष्ट, ज्यात एक वर चढायला लागला की बाकीचे त्याचे पाय ओढतात. रस्स्याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही :) पण ती टोपलीची गोष्ट ज्याने कोणी रचली, त्याने खेकडा कधी घरात ठेवला नसावा. काचेच्या टाकीतला एकटा खेकडा रात्री पंपाच्या नळीला धरून वर चढतो, झाकणाची फट शोधतो आणि सकाळी सोफ्याखाली सापडतो. पाय ओढायला कोणी असो वा नसो, त्याला बाहेर यायचंच असतं.

का यायचं असतं? परवा ऑफिसमधल्या एकाने घरच्या फिश टँकसाठी खेकडा आणला आणि मला विचारलं, "तू वरूडचा ना, तुमच्याकडे शेतात असतात. याला खायला काय घालू?" खायला काय घालायचं हे एका ओळीत सांगता आलं असतं. पण टाकीतले खेकडे बहुतेक वेळा उपाशी मरत नाहीत, भलत्या घरात मरतात. आणि खेकड्याचं घर कसं असतं हे आपल्याच मुलखात जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलेलं आहे. म्हणून हा सगळा प्रपंच.

१८२५ सालचा पावसाळा. कलकत्त्याचे बिशप रेजिनाल्ड हेबर मुंबईहून घाट चढून पुण्याला आले. माणूस धर्मगुरू, पण नजर चौकस. दख्खनच्या गवतात जिकडेतिकडे छोटे जमिनीवरचे खेकडे दिसतात हे त्यांनी आपल्या प्रवासवर्णनात नोंदवलं. खेकडा बसल्यासारखा उभा होतो, नांग्यांनी गवत किंवा भाताची हिरवी ताटं कापतो आणि स्वतःएवढा भारा उचलून बिळाकडे तुरुतुरु जातो, असं ते वर्णन आहे. हेबर पुढच्याच वर्षी, १८२६ मध्ये, त्रिचनापल्लीला वारले आणि पुस्तक १८२८ मध्ये छापून आलं. मला हे वाचताना गंमत वाटली ती एवढीच, की एवढ्या मोठ्या पुस्तकात खेकड्याच्या जेवणाला जागा मिळाली, आणि ते जेवण चक्क गवत निघालं. आपण टाकीत घालतो काय, तर माशांच्या लाल-हिरव्या गोळ्या!

त्याच सुमाराला कर्नल विल्यम सायक्स दख्खनमध्ये फिरत होता. मुंबई सरकारचा हा आकडेवारी गोळा करणारा अधिकारी. पिकं, माणसं, पाऊस मोजता मोजता त्याने पक्षी, मासे असं सगळंच गोळा केलं. (आजच्या भाषेत डेटा ॲनालिस्ट. आपल्यापैकी कितीजण एक्सेल बंद करून बिळात वाकून बघतील, हा प्रश्न सोडून देऊ.) १८३६ मध्ये लंडनच्या एंटमॉलॉजिकल सोसायटीच्या अंकात दख्खनच्या या खेकड्यांवर त्याचं टिपण आलं आणि वेस्टवूड या कीटकशास्त्रज्ञाने त्यांना शास्त्रीय नाव दिलं. आज ती जात बॅरिटेल्फुसा क्युनिक्युलॅरिस म्हणून ओळखली जाते. यातलं दुसरं नाव लक्षात ठेवा. लॅटिनमध्ये क्युनिक्युलस म्हणजे ससा, आणि सशाचं बीळसुद्धा. म्हणजे आपल्या खेकड्याचं जगाच्या दफ्तरात जे नाव लागलं, तेच मुळी 'बिळवाला' असं आहे. नावात पाणी कुठेच नाही.

पुढे १९१० मध्ये आल्कॉकने कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममधल्या गोड्या पाण्याच्या खेकड्यांची सूची केली. १९७० च्या दशकात तेव्हाच्या मराठवाडा विद्यापीठात, औरंगाबादला (आताचं छत्रपती संभाजीनगर), प्रा. नागभूषणम आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी याच बिळवाल्याच्या प्रजननावर आणि शरीरक्रियांवर निबंधांवर निबंध लिहिले. म्हणजे मराठी मुलखात खेकड्याकडे नीट बघितलं गेलं ते आधी गवतात आणि मग प्रयोगशाळेत. दिवाणखाना या यादीत खूप उशिरा येतो.

दिवाणखान्यातली काचेची टाकी आली विलायतेतून. १८४५ मध्ये ब्रिटनमध्ये काचेवरचा कर उठला आणि काच स्वस्त झाली. १८५० मध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने एक साधा प्रयोग मांडला. पाण्यात दोन गोल्डफिश, एक पाणवनस्पती आणि सडकी पानं खायला काही गोगलगाई. वनस्पती प्राणवायू देते, मासे खत देतात, गोगलगाई झाडलोट करतात, पाणी बदलावं लागत नाही. आज आपण ज्याला सेल्फ-सस्टेनिंग सिस्टिम वगैरे म्हणू तेच. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यालय उघडलं, १८५४ मध्ये फिलिप गॉसचं 'द ॲक्वेरियम' हे पुस्तक आलं आणि मध्यमवर्गाला वेड लागलं. लोक रेल्वेने समुद्रकाठी जायचे आणि खडकांमधल्या डबक्यांतले खेकडे, समुद्रफुलं बरण्यांत भरून आणायचे. स्वतः गॉस हर्मिट क्रॅब, म्हणजे दुसऱ्याच्या शंखात राहणारा खेकडा, तासन्‌तास बघत बसायचा. त्याचा मुलगा एडमंड याने १९०७ मध्ये लिहिलेल्या आठवणींत मात्र सांगितलंय की हौशी लोकांनी ती डबकी ओरबाडून रिकामी केली, आणि आपल्याच पुस्तकांमुळे हे घडलं याचं वडिलांना फार वाईट वाटायचं.

आपल्याकडे ही काच सर्वसामान्यांना भेटली ती मुंबईत. १९५१ मध्ये राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय सुरू झालं. मुंबई बघायला गेलेल्या वऱ्हाडी कुटुंबांच्या यादीत राणीची बाग, गेट वे आणि हे मत्स्यालय ठरलेलं असायचं.

आता यातली मेख बघा. वॉरिंग्टनची टाकी माशासाठी केलेली आहे. काठोकाठ पाणी, तळाला थोडी वाळू, चारही बाजूंनी उजेड. माशाला हे चालतं. आपल्या बिळवाल्याला यातलं काहीच चालत नाही. त्याला कल्ले आहेत, पण ते ओले राहिले की तो हवेतलाही श्वास घेतो, आणि पाणी शिळं होऊन त्यातला प्राणवायू संपला की त्याला वर यावंच लागतं. वर यायला जागा नसेल तर खेकडासुद्धा पाण्यात गुदमरून मरतो. माझे आबाजी हे दोन वाक्यांत सांगायचे. लहानपणी मी बादलीत भरपूर पाणी घालून खेकडा ठेवत होतो, तेव्हा ते म्हणाले, "अबे, थो काय मासोई हाय का बुडवून ठेवाले? त्याले माती पायजे." हेबर आणि सायक्स त्यांनी वाचले नव्हते, त्यांची गरजही नव्हती.

दुकानात मिळणाऱ्या खेकड्यांची तऱ्हा आणखी वेगळी. लाल नांग्यांचा जो छोटा देखणा खेकडा 'गोड्या पाण्याचा' म्हणून विकतात, तो असतो खारफुटीतला, निमखाऱ्या पाण्यातला. माझ्या ताईने भाचीसाठी एका शहरातल्या दुकानातून असाच एक आणला होता. दुकानदाराने सांगितलं, साधं पाणी घाला, गोळ्या टाका, काही लागत नाही. दोन महिन्यांनी तो गेला. भाची आठवडाभर मला फोन करून विचारत होती की मामा, मी त्याला कमी जेवण देत होते का? तिला सांगितलं की जेवण बरोबर होतं, पाणी चुकीचं होतं, आणि ते तुझ्यामुळे नाही. पण आठ वर्षांच्या मुलीला हे पटवणं सोपं नसतं. विकणाऱ्याने एक वाक्य खरं सांगितलं असतं तर चिमूटभर समुद्री मिठाचा प्रश्न होता.

या बाजारात कधी कधी शास्त्रसुद्धा मागे पडतं. जावा बेटावरचे दोन रंगीत व्हॅम्पायर क्रॅब लोकांच्या टाक्यांमध्ये आधी पोचले आणि त्यांना शास्त्रीय नाव मिळालं २०१५ मध्ये! त्यातल्या एकाला तर डेनर्ले या जर्मन मत्स्यालय कंपनीचंच नाव आहे. २०१६ मध्ये आपल्या सह्याद्रीतून समीरकुमार पाती, तेजस ठाकरे आणि अनिल खैरे यांनी गोड्या पाण्याच्या खेकड्यांच्या पाच नव्या जाती जाहीर केल्या. त्यातला घाटियाना ॲट्रोपर्प्युरिया जांभळा आहे, आणि फोटो बघितला की कुणालाही हा टेबलावर हवा असं वाटेल. कृपया वाटू देऊ नका. २००९ मध्ये जगातल्या गोड्या पाण्याच्या १२८० जातींचा आढावा घेतला, तेव्हा ६२८ जातींबद्दल त्या धोक्यात आहेत की नाही हे सांगण्याइतकीही माहिती नव्हती. शिवाय या खेकड्यांची पिल्लं समुद्रातल्या खेकड्यांसारखी पाण्यावर तरंगत लांब जात नाहीत. आई अंडी पोटाखाली सांभाळते आणि त्यातून थेट चिमुकले खेकडेच बाहेर येतात. त्यामुळे एका ओढ्यातले खेकडे उचलून नेले, की शेजारच्या ओढ्यातून नवे येतील याची खात्री नसते.

एवढं सगळं ऐकूनही पाळायचाच असेल (मित्राचं उत्तर 'हो' होतं), तर साधा शेतातला एकच खेकडा घ्या. दोन ठेवले तर एक दुसऱ्याला कात टाकताना खातो. टाकीचा निम्म्याहून जास्त भाग माती, वीतभर तरी खोल आणि दाबली की गोळा होईल इतकी ओली. उरलेल्या भागात उथळ पाणी, नळाचं असेल तर क्लोरीन काढून. वर घट्ट झाकण, पण हवा जाईल असं. जेवण संध्याकाळी, कारण तो रात्रीचा प्राणी. वाळलेली पानं, पालक, गाजर, गवत हे रोजचं, आणि आठवड्यातून एकदोनदा गांडूळ किंवा कोळंबीचा तुकडा. उरलेलं सकाळी काढायचं, नाहीतर पाणी नासतं. काष्ठौषधीच्या दुकानात समुद्रफेस मिळतो, त्याचा तुकडा टाकून ठेवा, कवचासाठी लागणारा चुना त्यातून मिळतो. आणि एक दिवस टाकीत मेलेला खेकडा दिसला तर लगेच फेकू नका. बऱ्याचदा ती नुसती टाकलेली कात असते, आणि मऊ झालेला मालक मातीत लपलेला असतो. काही दिवसांनी तो येऊन ती कातच खातो.

माती कुठली, याला मात्र आमच्या गावात फार महत्त्व आहे. वरूड म्हणजे संत्र्याचं गाव. डिंक्या होऊ नये म्हणून झाडांच्या खोडांना बोर्डो पेस्ट लावतात, म्हणजे मोरचूद आणि चुना. मोरचुदात तांबं असतं, आणि तांबं खेकड्याला विष. माशांच्या काही औषधांतही तेच असतं, म्हणून माशांसाठी औषध टाकलेल्या टाकीत खेकडा टिकत नाही. तेव्हा संत्र्याच्या बुडाची माती नको, नाल्याच्या काठची आणा.

बिळावरून आठवलं. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं, घरं आणि माणसं वाहून गेली. तेव्हाचे जलसंधारण मंत्री तानाजी सावंत यांनी खेकड्यांनी धरण पोखरल्याचं सांगितलं, आणि विरोधक खेकडे घेऊन पोलीस ठाण्यात गेले. खेकडा बीळ करतो ही गोष्ट १८२८ पासून कागदावर आहे. तो बीळ करणारच, हे धरून बांध घालणं आणि त्याची देखभाल करणं हे माणसांचं काम.

आमच्याकडे उलटं झालंय. खेकड्याने माणसाचं पाणी सोडलं नाही, माणसाने खेकड्याचं काढून घेतलं. वरूड आणि मोर्शी हे तालुके भूजलाचा अतिउपसा झालेल्या तालुक्यांत मोडतात. संत्र्याला उन्हाळ्यात पाणी लागतं, म्हणून बोअर खोल खोल जात राहिले. खेकड्याला बिळाचा तळ ओला लागतो आणि त्याच्याकडे बोअरची मशीन नाही. पूर्वी मृगाचा पहिला पाऊस झाला की पोरं रात्री बॅटरी आणि पोतं घेऊन नाल्यावर जायची. मागच्या जूनमध्ये मी आणि चुलतभाऊ गेलो होतो. नाल्याच्या काठाला बिळं होती, काहींच्या तोंडाशी ताज्या चिखलाच्या गोळ्या होत्या. म्हणजे आत कोणीतरी होतं. आम्ही बॅटरी बंद केली आणि तसेच परत आलो.

मित्राला मी अजून एक सांगितलंय. कंटाळा आला तर दुकानातला खेकडा मुळा-मुठेत सोडायचा नाही, कुणा अनुभवी माणसाला द्यायचा. आणि शेतातला असेल तर ज्या काठावरून आणला त्याच काठावर, पाऊस पडून गेल्यावर, संध्याकाळी.