चित्रपटांची क्रमवारी कोण ठरवते? लोकमताचे गणित आणि चाहत्यांची चुरस

जुलै २००८ मध्ये ख्रिस्तोफर नोलन दिग्दर्शित ‘द डार्क नाइट’ प्रदर्शित झाला आणि काही दिवसांतच आयएमडीबी या चित्रपटविषयक माहितीकोशाच्या सर्वोत्तम २५० चित्रपटांच्या यादीत त्याने पहिले स्थान पटकावले. फ्रान्सिस फोर्ड कपोला यांचा ‘द गॉडफादर’ (१९७२) खाली सरकला. त्याच्या चाहत्यांनी नव्या चित्रपटाला दहापैकी एक गुण देण्याचा सपाटा लावला. बॅटमॅनच्या चाहत्यांनीही ‘गॉडफादर’ला एकेक गुण देऊन जशास तसे उत्तर दिले. दोघांचे भांडण आणि तिसऱ्याचा लाभ, या न्यायाने पहिले स्थान फ्रँक डॅराबाँट यांच्या ‘द शॉशँक रिडेम्प्शन’कडे (१९९४) गेले आणि पुढे वर्षानुवर्षे तेथेच राहिले. हा चित्रपट पहिल्या प्रदर्शनात तिकीट खिडकीवर अपयशी ठरला होता, आणि ऑस्करची सात नामांकने मिळूनही त्याला एकही पुरस्कार लाभला नव्हता.

या प्रसंगात लोकमताच्या क्रमवारीचे सामर्थ्य आणि मर्यादा एकाच वेळी दिसतात. प्रदर्शनाच्या वेळी दुर्लक्षित राहिलेल्या कलाकृतीला ती न्याय देऊ शकते. परंतु तो न्याय काही अंशी परस्परांवरील रोषातूनही घडू शकतो. म्हणून अशा यादीतील आकडा कसा तयार होतो, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

क्रमवारीचे गणित

आयएमडीबीचा उगम चाहत्यांच्या हौसेतच आहे. कॉल नीडहॅम या ब्रिटिश संगणकतज्ज्ञाने १९९० मध्ये, यूझनेटवरील चित्रपटप्रेमींनी संकलित केलेल्या याद्या शोधता याव्यात, यासाठी हा उपक्रम सुरू केला. १९९८ मध्ये ॲमेझॉनने तो विकत घेतला.

सर्वोत्तम २५० ची यादी साध्या सरासरीवर बेतलेली नाही. तीत प्रवेश मिळण्यासाठी किमान २५,००० मते आवश्यक असतात आणि नियमित मतदारांचीच मते विचारात घेतली जातात. नियमित मतदार कोणाला म्हणावे, याचे निकष गैरवापर टाळण्यासाठी गुप्त ठेवलेले आहेत. त्यानंतर भारित सरासरी काढली जाते. तिचे तत्त्व सोपे आहे: प्रत्येक चित्रपटाच्या खात्यात आधी सर्वसाधारण दर्जाची ठरावीक काल्पनिक मते जमा आहेत असे मानायचे आणि मग खरी मते त्यात मिळवायची.

उदाहरणादाखल, काल्पनिक मते २५,००० आणि सर्वसाधारण सरासरी ७ आहे असे समजू. एखाद्या चित्रपटाला २,००० जणांनी सरासरी ९ गुण दिले, तर भारित सरासरी सुमारे ७.१५ येते. दुसऱ्या चित्रपटाला ५,००,००० जणांनी सरासरी ८.५ गुण दिले, तर ती सुमारे ८.४३ येते. पहिल्याच्या प्रेक्षकांना आपला चित्रपट अधिक आवडला होता, तरीही तो गणितात फार मागे पडतो.

ही पद्धत अन्यायकारक नाही. मूठभर स्नेह्यांच्या मतांवर कोणताही चित्रपट जगात पहिला ठरू नये, यासाठी ती योजलेली आहे. मात्र तिचा अटळ परिणाम असा की, ज्या भाषेचा प्रेक्षक संख्येने लहान आहे किंवा अशा ठिकाणी मत नोंदवत नाही, त्या भाषेचा चित्रपट कितीही चांगला असला तरी शिखराजवळ पोहोचणे कठीण होते.

दोन आकडे, दोन प्रश्न

चाहत्यांच्या वादांत सर्वाधिक गोंधळ भिन्न स्वरूपाच्या आकड्यांची तुलना केल्यामुळे होतो. १९९८ मध्ये सुरू झालेल्या रॉटन टोमॅटोजवरील समीक्षकांची टक्केवारी ‘किती समीक्षकांना चित्रपट पसंत पडला’ एवढेच सांगते. ‘किती पसंत पडला’ हे सांगत नाही. शंभरपैकी नव्वद समीक्षकांनी ‘बरा आहे’ असे म्हटले, तर चित्रपटाला ९० टक्के मिळतात. दुसऱ्या एखाद्या चित्रपटाला सत्तर जणांनी अजोड ठरवले आणि तीस जणांनी नाकारले, तर त्याच्या वाट्याला ७० टक्केच येतात. मेटाक्रिटिक मात्र समीक्षणांना शंभरपैकी गुण देऊन त्यांची भारित सरासरी काढते.

त्यामुळे सर्वांना बेताने आवडणारा, कोणालाही न दुखावणारा चित्रपट पहिल्या पद्धतीत चमकतो. ठरावीक साच्यात उत्तम रीतीने बसवलेल्या अनेक सुपरहिरोपटांना तेथे लाभणारी भरघोस टक्केवारी या दृष्टीने वाचली पाहिजे.

न पाहता दिलेली मते

ठरवून केलेल्या मतदानाचे आपल्या जवळचे उदाहरण म्हणजे यशराज फिल्म्सचा ‘गुंडे’ (२०१४). त्याच्या प्रारंभीच्या निवेदनात १९७१ चे युद्ध भारत-पाकिस्तान युद्ध म्हणून मांडले गेले आणि बांगलादेश त्याची केवळ निष्पत्ती ठरवला गेला. आपल्या मुक्तिसंग्रामाचा हा अवमान आहे, अशी भावना बांगलादेशात उसळली, आणि आयएमडीबीवर एक गुणाच्या मतांचा पाऊस पडला. सर्वसामान्य करमणुकीचा हा चित्रपट तेथील सर्वांत कमी गुणांच्या चित्रपटांत जाऊन पडला. निर्मात्यांनी क्षमायाचना केली. रोषामागील कारण खरे होते, परंतु त्या आकड्यातून चित्रपटाच्या दर्जाविषयी काहीही कळत नव्हते.

२०१६ मध्ये ‘घोस्टबस्टर्स’ची नवी आवृत्ती चार स्त्रियांना प्रमुख भूमिकांत घेऊन आली, तेव्हा केवळ झलक पाहून यूट्यूबवर नापसंतीची विक्रमी नोंद झाली. मार्च २०१९ मध्ये ‘कॅप्टन मार्व्हल’ येण्याच्या सुमारास रॉटन टोमॅटोजने प्रदर्शनापूर्वी प्रेक्षकांची उत्सुकता टक्केवारीत दाखवणे आणि अभिप्राय स्वीकारणे बंद केले. त्याच वर्षी तिकीट घेतल्याची खातरजमा झालेल्या प्रेक्षकांचे गुण वेगळे दाखवण्याची सोय झाली.

पुनर्निर्मिती आणि मूळ कृतीचा मान

पुनर्निर्मितीच्या वादात ‘मूळ तेच श्रेष्ठ’ हा दावा नेहमी केला जातो. इतिहास त्याला सरसकट दुजोरा देत नाही. अकिरा कुरोसावा यांच्या ‘सेव्हन सामुराई’वरून (१९५४) हॉलिवूडने ‘द मॅग्निफिसंट सेव्हन’ (१९६०) हा काऊबॉयपट घडवला आणि तोही स्वतंत्रपणे लोकप्रिय झाला. हाँगकाँगच्या ‘इन्फर्नल अफेअर्स’वर (२००२) आधारित ‘द डिपार्टेड’ने (२००६) सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे आणि मार्टिन स्कॉर्सेसी यांना दिग्दर्शनाचे ऑस्कर मिळवून दिले.

मराठी प्रेक्षकाला हा वाद ‘सैराट’च्या (२०१६) निमित्ताने अधिक जवळून अनुभवता आला. त्यावरून कन्नडमध्ये ‘मनसु मल्लिगे’ (२०१७) आणि हिंदीत ‘धडक’ (२०१८) निघाला. नागराज मंजुळे यांच्या कथेचा कणा जातवास्तव हा आहे. उदयपूरच्या पार्श्वभूमीवर नेलेल्या ‘धडक’मध्ये तो कणाच क्षीण झाला, अशी टीका झाली. मूळ कथेतील कोणती गोष्ट वगळली असता कथा तीच उरत नाही, हा प्रश्न पुनर्निर्मितीच्या मूल्यमापनात कळीचा आहे. त्याचे उत्तर गुणांकनाच्या दशांशात सापडत नाही.

सुपरहिरोपटांत तर पुनर्निर्मिती हाच नियम आहे. स्पायडरमॅनची कथा २००२, २०१२ आणि २०१७ मध्ये तीन वेगवेगळ्या नायकांसह मांडली गेली. त्यांपैकी श्रेष्ठ कोण, यावर चाहत्यांनी इतकी वर्षे वाद घातला की, २०२१ च्या ‘नो वे होम’मध्ये तिन्ही नायकांना एकाच पडद्यावर आणले गेले.

चाहत्यांचा दबाव

हा दबाव कधी निर्मितीसंस्थांनाही जुमानावा लागतो. ‘जस्टिस लीग’चे (२०१७) काम सुरू असताना मुलीच्या निधनामुळे दिग्दर्शक झॅक स्नायडर बाजूला झाले आणि चित्रपट जॉस व्हेडन यांनी पूर्ण केला. स्नायडर यांची आवृत्ती पाहायला मिळावी, यासाठी चाहत्यांनी दीर्घकाळ मोहीम चालवली. तिच्यातील काही जणांच्या अरेरावीवर टीका झाली. त्याचबरोबर आत्महत्या-प्रतिबंधासाठी या चाहत्यांनी मोठा निधीही उभारला. अखेर मार्च २०२१ मध्ये सुमारे चार तासांची ती आवृत्ती प्रदर्शित झाली.

तज्ज्ञांची यादी तरी निर्विवाद का?

‘साइट अँड साउंड’ हे ब्रिटिश नियतकालिक १९५२ पासून दर दहा वर्षांनी समीक्षकांचा कौल घेते. १९६२ ते २००२ या काळात ‘सिटिझन केन’ पहिला होता, २०१२ मध्ये ‘व्हर्टिगो’, आणि २०२२ मध्ये शांताल आकरमन यांचा ‘जान दीलमान’. २०१२ च्या कौलात ८४६ जणांनी भाग घेतला होता. २०२२ मध्ये ती संख्या १,६३९ झाली. मतदारवर्ग विस्तारताच क्रम बदलला. म्हणजे तज्ज्ञांची यादीदेखील मतदार कोण आहेत, यावर अवलंबून असते.

आकडा वाचताना

वाचकाने पुढील प्रश्न स्वतःला विचारावेत. मते किती आहेत? हा आकडा सरासरी आहे की टक्केवारी? एक आणि दहा या दोन टोकांवरच मते साचली आहेत काय? चित्रपट प्रदर्शित होऊन किती काळ लोटला आहे? पहिल्या आठवड्यात मत देणारे बहुतांशी उत्साही चाहतेच असतात. स्थिर चित्र उमटण्यास काही महिने लागतात.

परदेशस्थ मराठी प्रेक्षकासाठी यात एक जबाबदारीही आहे. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ला व्हेनिस महोत्सवात आणि राष्ट्रीय पुरस्कारांत गौरव लाभला. असे चित्रपट अमराठी शेजाऱ्यापर्यंत किंवा सहकाऱ्यापर्यंत पोहोचतात तेव्हा त्याला प्रथम दिसतो तो गुणांचा आकडा. म्हणून पाहिलेल्या चित्रपटाला प्रामाणिक मत देणे उपयोगाचे ठरते. लहान प्रेक्षकवर्गात प्रत्येक मताचे वजन अधिक असते. परंतु भाषाप्रेमापोटी न पाहताच दहा गुण बहाल करणे आणि रोषापोटी न पाहताच एक गुण देणे, या दोहोंत तत्त्वतः काहीच अंतर नाही. अशा दहांमुळे आपल्या चित्रपटांवरचा परक्यांचा विश्वास वाढत नाही, उलट घटतो.