मुदतीपूर्वी घर सोडणारा भाडेकरू : घरमालकाचे हक्क आणि मर्यादा
नवी दिल्ली : अकरा महिन्यांच्या करारावर राहायला आलेला भाडेकरू चौथ्या महिन्याअखेर घर सोडतो आणि थकलेले भाडे अनामत रकमेतून वळते करून घेण्यास सांगतो. अशा वेळी थकबाकी कशी वसूल करावी आणि उरलेल्या महिन्यांचे भाडे मागता येते का, असे दोन प्रश्न घरमालकापुढे उभे राहतात.

थकीत भाडे : प्रत्यक्ष वास्तव्याच्या काळातील भाडे हे निर्विवाद देणे असते. त्यासाठी प्रथम हिशेबासह लेखी नोटीस द्यावी. रक्कम न मिळाल्यास, भाडे देय झाल्यापासून तीन वर्षांच्या आत दावा दाखल करावा लागतो.

उरलेली मुदत : करारात ‘लॉक-इन’ कालावधी असला, तरी त्या काळाचे संपूर्ण भाडे आपोआप मिळत नाही. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ७४ नुसार करारात नमूद केलेली रक्कम ही भरपाईची कमाल मर्यादा असते. त्या मर्यादेत न्यायालय वाजवी भरपाई ठरवते. नुकसान टाळण्याचे कोणते उपाय उपलब्ध होते, याचाही विचार कलम ७३ नुसार होतो. म्हणून नवा भाडेकरू शोधण्याचे प्रयत्न करून त्यांची नोंद ठेवणे मालकाच्या हिताचे ठरते.

समजा, मासिक भाडे २० हजार, अनामत ६० हजार रुपये आणि लॉक-इन सहा महिन्यांचे आहे. चौथ्या महिन्याचे भाडे थकले आणि घर एक महिना रिकामे राहून नंतर त्याच दराने भाड्याने गेले. येथे थकबाकी व रिकामा महिना मिळून ४० हजारांची वजावट समर्थनीय ठरू शकते. देयके वा मोडतोडीचा खर्च नसल्यास उरलेले २० हजार परत करणे योग्य.

करार : महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी व नोंदणीकृत असणे बंधनकारक असून ती जबाबदारी घरमालकाची आहे. असा करार नसल्यास, अन्यथा सिद्ध होईपर्यंत, अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. अन्य राज्यांत तेथील भाडे कायदा पाहावा लागतो.

ताबा : भाडेकरू सामान ठेवून निघून गेल्यास कुलूप तोडू नये. कायदेशीर प्रक्रियेविना ताबा काढून घेतल्यास, विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ च्या कलम ६ खाली सहा महिन्यांच्या आत ताबा परत मागण्याचा दावा होऊ शकतो. भाडे थकले म्हणून वीज वा पाणी तोडण्यासही महाराष्ट्रातील कायद्याची मनाई आहे. चावी परत घेताना तारीख, मीटरची नोंद, घराची स्थिती आणि अनामतीचा हिशेब लिहून दोघांनी स्वाक्षऱ्या केल्यास पुढील बहुतेक वाद टळू शकतात.