गाडी वाहतुकीला देताना : डिकीतल्या सामानाची जबाबदारी कोणाची?

नोकरीतील बदलीमुळे पुण्याहून बंगळुरूला किंवा मुंबईहून दिल्लीला बिऱ्हाड हलवताना घरसामान ट्रकने आणि मोटार कार कॅरिअरने पाठवण्याची पद्धत आता रूढ झाली आहे. गाडी जाणारच आहे, तर डिकीत दोन-चार खोकी का ठेवू नयेत, असा विचार अनेक कुटुंबांत होतो. पुस्तके, भांडी, चादरी, प्रसंगी लॅपटॉपही गाडीतच राहतो. गाडी सुखरूप पोहोचते. सामान मात्र पोहोचेलच याची खात्री नसते. ते हरवल्यास भरपाई मागण्याचा मार्ग बहुधा बंद झालेला असतो, कारण वाहतूकदाराने ताब्यात घेतलेली वस्तू एकच असते, ती म्हणजे गाडी.

कायदा काय सांगतो?

रस्त्यावरील मालवाहतुकीला २००७ चा 'कॅरेज बाय रोड अॅक्ट' लागू आहे. १८६५ च्या जुन्या कायद्याची जागा घेणाऱ्या या कायद्याचे नियम २०११ मध्ये आले. त्यानुसार माल पाठवणाऱ्याने गुड्स फॉरवर्डिंग नोट भरून द्यायची असते. त्यात मालाचे वर्णन, किंमत आणि माल धोकादायक असल्यास तसा उल्लेख करणे आवश्यक असते. या माहितीच्या खरेपणाची जबाबदारी पाठवणाऱ्याची असते. माहिती अपुरी किंवा चुकीची असल्यामुळे वाहतूकदाराचे नुकसान झाले, तर तेही पाठवणाऱ्यालाच भरून द्यावे लागते. वाहतूकदाराने दिलेली पावती, म्हणजे नेहमीच्या भाषेतील बिल्टी, हा काय ताब्यात दिले याचा प्रथमदर्शनी पुरावा मानला जातो.

हाच कायदा ग्राहकाला मोठे संरक्षणही देतो. माल हरवल्यास किंवा खराब झाल्यास वाहतूकदाराचा निष्काळजीपणा सिद्ध करण्याचे ओझे दावा करणाऱ्यावर नसते. बिल्टीवर 'ओनर्स रिस्क' असे छापलेले असले, तरी तेवढ्याने वाहतूकदार निष्काळजीपणाच्या जबाबदारीतून सुटत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जुन्या कायद्याखालील एका प्रकरणात २००० मध्ये स्पष्ट केले होते. मात्र या संरक्षणाचा लाभ घेण्यासाठी वस्तू त्याच्या ताब्यात दिली होती, हे आधी दाखवावे लागते. बिल्टीवर फक्त गाडीचा क्रमांक असेल, तर डिकीतील खोक्यांच्या बाबतीत नेमके हेच दाखवता येत नाही.

भरपाईची मर्यादा

पाठवणाऱ्याने जादा जोखमीचे मूल्य लेखी जाहीर केले नसेल, तर वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपुरती मर्यादित राहते, आणि तीही जाहीर केलेल्या किमतीपेक्षा अधिक नसते. समजा भाडे १२ हजार रुपये आहे, तर सहा लाखांच्या गाडीसाठीही मर्यादा एक लाख २० हजारांवर येते. म्हणून गाडीची खरी किंमत नोंदवणे आणि जादा जोखमीचे मूल्य लेखी जाहीर करणे महत्त्वाचे ठरते. त्यासाठी वाहतूकदार जादा आकार घेऊ शकतो.

खासगी गाडीच्या सर्वसमावेशक विमा पॉलिसीत रस्ता किंवा रेल्वेने नेताना गाडीला होणारी हानी सामान्यतः समाविष्ट असते. गाडीतील खासगी वस्तू नसतात. काही कंपन्या त्यासाठी वेगळे पूरक संरक्षण देतात. ते घेतले असल्यास गाडी वाहतूकदाराच्या ताब्यात असतानाही ते लागू राहते का, हे कंपनीकडून लेखी विचारून घ्यावे.

वाटेत काय घडते?

दारातून निघालेली गाडी थेट मुक्कामी पोहोचतेच असे नाही. ती आधी यार्डात नेली जाते, तेथे अन्य गाड्यांची वाट पाहते आणि कधी मध्येच दुसऱ्या ट्रेलरवर चढवली जाते. या काळात किल्ली अनेकांच्या हाती जाते. डिकी भरलेली असल्यास गाडीचा मागचा भाग खाली बसतो आणि रॅम्पवर चढताना बंपर किंवा तळ घासण्याची शक्यता वाढते. सैल ठेवलेली जड वस्तू आतूनच काच फोडू शकते.

बंद गाडी उन्हात बरीच तापते. त्यामुळे गॅस सिलिंडर, लायटर, स्प्रेचे डबे, रंग, थिनर, पॉवर बँक यांपैकी काहीही आत राहू नये. सिलिंडर एजन्सीकडे जमा करून हस्तांतराचे कागद घेणे हाच योग्य मार्ग होय.

मद्याची बाटली हा तर स्वतंत्र धोका आहे. गुजरात आणि २०१६ पासून बिहारमध्ये दारूबंदी आहे. अशा राज्यातून जाणाऱ्या गाडीत बाटली सापडल्यास गाडी जप्त होऊन मालकावर कारवाई होऊ शकते. फॉरवर्डिंग नोटमध्ये न लिहिलेला निषिद्ध किंवा करचुकवेगिरीचा माल तपासणीत सापडला, तर तपासणीचा खर्च पाठवणाऱ्यावर पडतो आणि त्यातून होणाऱ्या नुकसानीला वाहतूकदार जबाबदार राहत नाही.

काय ठेवावे, काय काढावे?

स्टेपनी, जॅक, पाना, धोक्याचा त्रिकोण आणि पायपुसणी ही गाडीचीच अंगे असल्याने आत राहू द्यावीत. मात्र त्यांचीही नोंद तपासणी-पत्रकात करून घ्यावी. दुसरी किल्ली, दागिने, रोकड, चेकबुके, शैक्षणिक प्रमाणपत्रे, औषधे, लॅपटॉप, लोणच्याच्या बरण्या आणि देव्हाऱ्यातील मूर्ती स्वतःसोबत न्याव्यात. आरसी बुकाची मूळ प्रतही गाडीत ठेवू नये. दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांहून अधिक काळ गाडी ठेवायची असल्यास पुनर्नोंदणी करावी लागते, आणि त्या वेळी ती आरटीओत लागते.

सामान पाठवणे अपरिहार्यच असेल, तर वाहतूकदाराची लेखी संमती घ्यावी आणि प्रत्येक खोक्याचे वर्णन व किंमत बिल्टीवर नोंदवून घ्यावी. 'असू द्या, काही होत नाही' हे चालकाचे आश्वासन पुरावा ठरत नाही.

गाडी ताब्यात घेताना

गाडी देताना चारही बाजूंची, डिकीची आणि किलोमीटरच्या आकड्याची छायाचित्रे काढावीत. परत घेताना त्यांच्याशी ताडून पाहिल्याशिवाय सही करू नये. काही कमी आढळल्यास पोचपावतीवरच तसा शेरा लिहावा. दावा करायचा असल्यास वाहतूकदाराला लेखी नोटीस द्यावी लागते. त्यासाठीची १८० दिवसांची मुदत गाडी मिळाल्यापासून नव्हे, तर बुकिंगच्या तारखेपासून मोजली जाते. मार्गदर्शनासाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक उपलब्ध आहे.