नाणी पारखणाऱ्या कारकुनाची दुर्बीण

भारतातील हौशी खगोलनिरीक्षणाचा इतिहास सांगताना आपण बहुधा वेधशाळांपासून आरंभ करतो. परंतु या इतिहासातील एक महत्त्वाचा अध्याय बंगालमधील जेसोर येथील सरकारी खजिन्यात घडला. आज हे गाव बांगलादेशात आहे. तेथे राधागोविंद चंद्र (१८७८–१९७५) नाणी पारखण्याचे काम करीत. एंट्रन्स परीक्षेत ते तीनदा अनुत्तीर्ण झाले होते, त्यामुळे महाविद्यालयाचा मार्ग त्यांना बंद होता. आकाशाची ओळख त्यांना झाली ती कालीनाथ मुखर्जी या वकिलामुळे. मुखर्जींना तारानकाशांचा व्यासंग होता.

१९१० मध्ये हॅलेचा धूमकेतू आला, तेव्हा राधागोविंदांनी साध्या द्विनेत्रीतून त्याची निरीक्षणे नोंदवली. त्याच वर्षी कलकत्त्यात ‘अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटी ऑफ इंडिया’ ही संस्था स्थापन झाली. ती फार काळ टिकली नाही, पण आकाश पाहणाऱ्यांनी एकत्र यावे, ही कल्पना भारतात रुजली. पुढे दोन वर्षांनी राधागोविंदांनी पदरमोड करून इंग्लंडहून तीन इंची दुर्बीण मागवली.

जून १९१८ मध्ये गरुड तारकासमूहात एक अनोळखी, तेजस्वी तारा त्यांच्या दृष्टीस पडला. तो ‘नोव्हा अ‍ॅक्विली’ होता. जगात अनेकांनी तो स्वतंत्रपणे पाहिला आणि राधागोविंद त्यांपैकी एक होते. त्यांनी आपली निरीक्षणे अमेरिकेतील हार्वर्ड वेधशाळेकडे पाठवली. तेथून उत्तर आले, नकाशे आले आणि ‘अमेरिकन असोसिएशन ऑफ व्हेरिएबल स्टार ऑब्झर्व्हर्स’ या संस्थेशी त्यांचा संबंध जुळला. १९११ मध्ये स्थापन झालेली ही संस्था हौशी निरीक्षकांच्या बळावरच उभी होती.

येथे थोडे थांबून हे काम कसे चाले, ते पाहू. रूपविकारी ताऱ्याची तेजस्विता कमी-जास्त होते. निरीक्षक त्याच्या शेजारचे दोन तारे निवडतो. एक त्याच्याहून किंचित तेजस्वी, दुसरा किंचित मंद, आणि दोघांचीही प्रत नकाशावर दिलेली. या दोहोंच्या मध्ये आपला तारा नेमका कोठे बसतो, याचा अंदाज प्रतीच्या दहाव्या भागापर्यंत करायचा आणि वेळेसह नोंदवायचा. यासाठी महागडे उपकरण लागत नाही. तयार डोळा, शिस्त आणि प्रामाणिकपणा मात्र लागतो, कारण काल तारा कसा दिसला होता, हे आज विसरूनच पाहावे लागते. नाण्यांचा कस जोखणाऱ्या माणसाच्या अंगी हे गुण आधीच मुरलेले होते.

भूगोलही त्यांच्या बाजूने होता. अमेरिकेत दिवस असतो, तेव्हा भारतात रात्र असते. बंगालमधून आलेली प्रत्येक नोंद तेथील नोंदींमधील खंड भरून काढी.

१९२६ मध्ये त्या संस्थेने हार्वर्डच्या साहाय्याने सहा इंची दुर्बीण त्यांच्याकडे पाठवली. चार्ल्स एल्मर या अमेरिकी हौशी निरीक्षकाची ती दुर्बीण होती. १९२८ मध्ये फ्रेंच सरकारनेही त्यांचा सन्मान केला. १९५४ पर्यंत त्यांनी संस्थेकडे पाठवलेल्या नोंदी ३७ हजारांहून अधिक भरल्या. दरम्यान फाळणी झाली, जेसोर पूर्व पाकिस्तानात गेले आणि राधागोविंद कलकत्त्याजवळील बारासात येथे स्थायिक झाले. त्यांची दुर्बीण पुढे वेणू बाप्पू यांच्याकडे आली आणि तमिळनाडूतील कावलूर येथे पोहोचली. एका कारकुनाचे उपकरण अशा रीतीने देशाच्या व्यावसायिक खगोलशास्त्राच्या घरात विसावले.

राधागोविंदांपाशी नव्हते ते गावातले मंडळ. ती उणीव पुढच्या पिढीने भरून काढली. १९४४ मध्ये पुण्यात ‘ज्योतिर्विद्या परिसंस्था’ स्थापन झाली आणि नंतर देशभर अशी मंडळे उभी राहिली. त्यांच्या लोकशिक्षणाची कसोटी ग्रहणांनी घेतली. १६ फेब्रुवारी १९८० रोजी कर्नाटक, आंध्र प्रदेश व ओडिशातून खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा गेला, तेव्हा भर दिवसा शहरांतील रस्ते ओस पडले होते. २४ ऑक्टोबर १९९५ च्या ग्रहणाला मात्र लोक सुरक्षित चष्मे घेऊन राजस्थानपासून बंगालपर्यंत मैदानांवर जमले. या पंधरा वर्षांत दूरदर्शनचा प्रसार झाला आणि हॅलेचा धूमकेतूही पुन्हा येऊन गेला. पण गावोगावच्या शाळांत जाऊन ‘ग्रहण म्हणजे सावली’ हे मुलांना समजावून सांगणारे कार्यकर्ते विसरता येणार नाहीत.

आज प्रश्न वेगळा आहे. भीती ओसरली, पण आकाशच दिसेनासे झाले. शहरांतील उजेडात आकाशगंगा हरवली आहे. म्हणूनच लडाखमधील हानले येथे २०२२ मध्ये घोषित झालेले सुमारे १,०७३ चौरस किलोमीटरचे अंधार-आकाश राखीव क्षेत्र महत्त्वाचे ठरते. तेथील गावकऱ्यांनाच दुर्बिणी देऊन प्रशिक्षित केले गेले. अंधार जपण्यात त्यांचे हित आहे, म्हणून तो जपला जाण्याची आशा आहे.

तथापि आकाशदर्शन म्हणजे केवळ शनीची कडी पाहून घरी परतणे नव्हे. उत्तर मुकुट तारकासमूहातील ‘टी कोरोनी बोरिआलिस’ हा तारा १८६६ आणि १९४६ मध्ये अकस्मात उजळला होता. एरवी दहाव्या प्रतीचा हा तारा दुसऱ्या प्रतीपर्यंत तेजस्वी होतो. त्याच्या पुढील उद्रेकाची जगभरचे निरीक्षक सध्या वाट पाहत आहेत. तो कोणत्या देशाच्या रात्री घडेल, हे कोणालाही सांगता येत नाही. तो आपल्या रात्री घडला, तर पहिली नोंद एखाद्या विद्यार्थ्याच्या वहीतही असू शकेल.

त्यासाठी आज रात्रीपासून एवढेच करावे : एक तारा निवडावा, शेजारच्या दोन ताऱ्यांशी त्याची तुलना करावी, दिनांक व वेळ लिहावी, आणि उद्या पुन्हा पाहावे. राधागोविंद चंद्रांच्या ३७ हजार नोंदींची सुरुवातही अशा एकाच नोंदीने झाली होती.